मुलाचे नाव विठ्ठल

एका भाविक गृहस्थांचे पत्र आमच्यापुढे आहे. पत्र चार पानी आहे, अक्षर सुरेख आहे, प्रश्न मात्र एकच आहे. त्यांच्या घरी नातू झाला. त्यांच्या वडिलांचे, म्हणजे बाळाच्या पणजोबांचे, नाव विठ्ठल होते व तेच बाळास ठेवावे असे यांच्या मनात आहे. परंतु ते लिहितात, 'देवाचे नाव पोराला ठेवले आणि उद्या रागाच्या भरात त्याच नावाने पोरावर ओरडलो, वेडेवाकडे बोललो, तर नामाचा अपराध घडतो की नाही? घडत असेल तर दुसरे नाव ठेवतो.' आणि अगदी शेवटी, सही करता करता आठवल्यासारखी, एक ओळ आहे : 'सुनेला हे नाव पसंत नाही, पण तो प्रश्न वेगळा.'

आम्हांस वाटते की तो प्रश्न वेगळा नाही, आणि म्हणूनच उत्तर पत्राने न धाडता येथे लिहीत आहोत. बारसे वारी आटोपल्यावर करावयाचे ठरले आहे असे कळते, तेव्हा विचाराला अवकाश आहे.

प्रथम शब्दच पाहू. आमची उमेदीची वर्षे पाठशाळेत गेली, त्यामुळे शब्द दिसला की त्याचा धातू शोधावयाचा ही खोड जडली आहे. वाचकांनी ती घटकाभर सोसावी. लहानपणी अमरकोश पाठ केला तेव्हा विष्णूच्या नावांचा वर्ग आला. आम्ही मोठ्या आशेने एकेक नाव म्हणत गेलो, वर्ग संपला, विठ्ठल आलाच नाही. विष्णुसहस्रनामात तर हजार नावे, तेथेही नाही. वडील दर एकादशीला ज्याच्यासाठी उपास करतात तो देव कोशात नाही, हे कळले तेव्हा रडावयाचे तेवढे बाकी होते. गुरुजींना विचारले तर ते हसले व म्हणाले, 'कोशात नाही म्हणून तर तो आपला आहे.' त्या वयात हे काही समजले नाही.

पुढे व्युत्पत्त्या वाचल्या त्या एकाहून एक निराळ्या. धर्मसिंधूचे कर्ते काशीनाथशास्त्री उपाध्याय, ज्यांस लोक बाबा पाध्ये म्हणत, ते पंढरपूरचेच. त्यांनी अक्षरे फोडून दाखविली : 'विद्' म्हणजे ज्ञान, 'ठ' म्हणजे शून्य, 'ल' म्हणजे घेणारा. जे ज्ञानाच्या बाबतीत शून्य आहेत त्या भोळ्याभाबड्यांना ज्ञान देऊन जवळ घेतो तो विठ्ठल. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी भाषाशास्त्राच्या वाटेने जाऊन सांगितले की 'विष्णु' याचे कानडी वळणाने 'विठ्ठु' झाले. यास आधारही बरा आहे, कारण बाराव्या शतकातील होयसळ राजा विष्णुवर्धन याचेच दुसरे नाव बिट्टिदेव. इतिहासाचार्य राजवाडे निराळेच बोलले. पाणिनीच्या आठव्या अध्यायात एक सूत्र आहे, त्याप्रमाणे 'वि' पुढे 'स्थल' आले म्हणजे 'स'चा 'ष' होतो आणि 'विष्ठल' शब्द सिद्ध होतो. म्हणजे दूरची, रानातली जागा. तेथला देव तो विठ्ठल. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ काढला, त्यात गवळी-धनगरांच्या रानातल्या देवापर्यंत ही वाट त्यांनी नेऊन पोचविली आहे.

आता बोला! कोणी म्हणतो ज्ञान, कोणी म्हणतो विष्णू, कोणी म्हणतो रान. आणि फडावर उभ्या असलेल्या आमच्या माळकऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, 'विटेवर उभा म्हणून विठ्ठल, त्यात शोधायचं काय?' व्याकरणाच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती लंगडी आहे. कीर्तनात मात्र आम्ही हीच सांगतो.

नाव ठेवण्याचे शास्त्रही आपल्याकडे बारीक आहे. पारस्कर गृह्यसूत्र म्हणते, मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरी असावे, आरंभी घोष वर्ण असावा, मध्ये य-र-ल-व पैकी अक्षर यावे. विषम अक्षरांची नावे मुलींना. विठ्ठल मोजा. वि, ठ्ठ, ल : तीन. विठोबा म्हणाल तर तेही तीन. म्हणजे सूत्राच्या तराजूत आपल्या देवाचे नाव मुलाला चालतच नाही! पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभी व्याकरण का शिकावे याची कारणे दिली आहेत, त्यातही मुलाचे नाव नीट ठेवता यावे हे एक कारण आहे. आणि तेथे एक अट अशी की, नाव तीन पिढ्यांतील पूर्वजांची आठवण देणारे असावे. हे वाक्य आम्ही एकदा फार जोराने वापरले. त्याचे पुढे काय झाले ते येईलच.

सूत्र काहीही म्हणो, लोकांनी हे नाव शतकानुशतके ठेवले. वारकऱ्याच्या ओळखीचा या नावाचा पहिला मनुष्य म्हणजे ज्ञानोबारायांचे वडील, आपेगावचे विठ्ठलपंत. त्यांच्या पत्नीचे नाव रुक्मिणी. देवाच्या जोडीचेच नाव पतिपत्नींना मिळाले होते. पण ते नाव ढाल होऊन पुढे आले नाही. संन्यास घेऊन पुन्हा संसारात आले म्हणून वाळीत पडले, मुलांच्या मुंजी अडल्या, आणि देहान्त प्रायश्चित्त घेऊन दोघे गेले, असे परंपरा सांगते. नामदेवरायांची चार मुले नारा, विठा, गोंदा, म्हादा. पाहा, नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव ही भारदस्त नावे घरात आल्याबरोबर कशी अंगरखा काढून बसली! खुद्द नामदेवांच्या घरात विठ्ठलाचा 'विठा' झाला. तुकोबारायांचे तीन पुत्र महादेव, विठोबा आणि नारायण. म्हणजे देहूच्या घरात जेवावयास बोलावताना विठोबाला हाक पडे, आणि ती देवाला होती की पोराला हे ज्याचे त्यास ठाऊक.

महाराष्ट्राबाहेर हेच नाव निरनिराळ्या वाटांनी हिंडले. कर्नाटकात हरिदासांनी ते आपल्या मुद्रेत घेतले. पुरंदरदासांची मुद्रा 'पुरंदर विठ्ठल', त्यांच्यामागून विजय विठ्ठल, गोपाल विठ्ठल, जगन्नाथ विठ्ठल अशी मालिकाच लागली. उत्तरेत व गुजरातेत हे नाव गेले ते वल्लभाचार्यांमुळे. पंढरपुरास श्रीविठ्ठलाने त्यांना गृहस्थाश्रम स्वीकारावयास सांगितले अशी पुष्टिमार्गाची कथा आहे, आणि त्यांच्या धाकट्या पुत्राचे नाव विठ्ठलनाथ. तेव्हापासून गुजरातीत विठ्ठलदास, विठ्ठलभाई घरोघर झाले. सरदार वल्लभभाईंच्या वडील बंधूंचे नाव विठ्ठलभाई. ते घर पुष्टिमार्गी होते असे आमचे म्हणणे नव्हे. पण त्या प्रांताच्या हवेतच वल्लभ आणि विठ्ठल ही नावे जोडीने होती. हे विठ्ठलभाई १८७३ साली जन्मले आणि १९२५ साली दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले. त्याच १८७३ साली जमखिंडीस दुसरे एक विठ्ठल जन्मले, ते महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. ज्यांना देवळाच्या पायरीशी थांबवले जात होते त्यांच्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. त्या काळी हे नाव कोणा एका जातीचे नव्हते. कुलकर्ण्याचा विठ्ठलपंत, पाटलाचा विठ्ठलराव, रानातला विठू, आणि बायकांत विठाबाई. तमाशाच्या फडात नाव गाजविलेल्या विठाबाई नारायणगावकर, त्याही विठाबाईच. एवढे सर्वांच्या अंगाला येणारे नाव दुसरे क्वचित असेल.

आणि आज? कोणतेही आकडे आमच्याजवळ नाहीत. डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. आमच्या दिंडीत पावसात बसावयाची वेळ आली आणि कोणी 'अहो विठ्ठलराव' म्हणून हाक दिली तर चार माना वळतात, चारही पांढऱ्या. पांडुरंग, ज्ञानोबा, तुकाराम, नामदेव, एकनाथ हे सर्व काठी टेकीत चालणारे लोक आहेत. त्यांच्याच नातवांना हाक मारावी तर विहान, आरव, रेयांश, अद्वैत. पाळण्यात विठ्ठल ऐकून आम्हांस किती वर्षे झाली ते बोटांवर सांगता येईल.

हे का झाले? 'लोक अश्रद्ध झाले' असे म्हणून पुष्कळ प्रवचनकार मोकळे होतात. आम्हांस ते पटत नाही. अश्रद्ध झाले असते तर आषाढीची गर्दी वाढती ना. खरे कारण असे दिसते की नावाचे काम बदलले. पूर्वी नाव ठेवीत ते मूल कोणाचे हे कळावे म्हणून : आजाचे, कुळदैवताचे, नवसाचे. दोन मुले दगावली की तिसऱ्याचे नाव धोंडू, दगडू, केरू ठेवीत, म्हणजे यमालाही वाटावे हे टाकाऊ आहे, नेण्यासारखे नाही. नावात भीती होती, आठवण होती, कर्ज होते. आता नाव ठेवतात ते आपले मूल दुसऱ्यासारखे नाही हे कळावे म्हणून. वर्गात तेच नाव दुसऱ्याचे निघाले तर आईबाप हिरमुसतात. जे नाव सर्वांचे, ते या हिशेबात कोणाचेच नाही. त्यात शहराने आणखी एक केले. गावाकडून पोटासाठी मुंबईस आलेल्या माणसांची नावे शहराने नोकराची, शिपायाची नावे करून टाकली. पांडुरंगाचा पांडू झाला, १९७५ सालच्या 'पांडू हवालदार' या चित्रपटाने तो घरोघर पोचला, आणि पुढे कोणाही पोलिसाला 'पांडू' म्हणण्यापर्यंत मजल गेली. दादा कोंडक्यांना आम्ही दोष देत नाही, चित्रपट पाहून आम्हीही हसलो आहोत. पण ज्या बाईने तो शब्द रस्त्यात ऐकला ती आपल्या मुलाचे नाव पांडुरंग ठेवताना थबकणारच.

आता आमच्या घरातली गोष्ट. आमच्या वडिलांचे नाव विठ्ठल होते. त्यामुळे आमच्या मातोश्रींनी जन्मात कधी 'विठ्ठल' हा शब्द उच्चारला नाही. नवऱ्याचे नाव घ्यावयाचे नाही हा त्या वेळचा रिवाज. वारीला दोघे बरोबर चालत. दिंडीत विठ्ठल-विठ्ठल गजर सुरू झाला की सर्वांचे ओठ हलत, आईचे ओठ मिटलेले. टाळी तेवढी चाले. घरी ती पांडुरंग म्हणे, माउली म्हणे, कधी नुसते 'तो' म्हणे. पाठशाळेतून नुकतेच बाहेर पडलेले आम्ही, डोक्यात मीमांसा आणि व्याकरण. एकदा तिला बसवून शिकवू लागलो की, 'आई, अर्थ बदलला की शब्दही बदलतो. देवाचे नाव विठ्ठल हा एक शब्द, बाबांचे नाव विठ्ठल हा दुसरा शब्द. ध्वनी सारखा आहे इतकेच. तेव्हा तू देवाचा शब्द खुशाल म्हण, दोष नाही.' ती भाकरी थापीत होती. थापता थापताच म्हणाली, 'तुझ्या शास्त्रात दोन असतील रे. माझ्या तोंडाला एकच आहे.'

वडील गेले त्यानंतर ती अकरा वर्षे होती. तरीही तिने शब्द उच्चारला नाही. आम्हांस अजूनही निश्चित सांगता येत नाही की ती नामाला मुकली, की ज्या नामासाठी ती आयुष्यभर ओठ मिटून राहिली ते तिला आमच्याहून अधिक घडले. दोन्ही बाजूंनी आम्ही मनाशी पुष्कळ वाद घातला आहे.

मागे म्हटलेली ती पतंजलींची गोष्ट आता सांगावयास हवी. २०१२ साली एका गावी सप्ताहाच्या काल्यानंतर एक कुटुंब आमच्याकडे आले. घरातले वडीलधारे, नाव विठ्ठल, त्याच वर्षी वारले होते. चार महिन्यांनी नातू जन्मास आला. मुलगा म्हणे, वडिलांचेच नाव ठेवायचे. सूनबाई शिकलेल्या, शाळेत शिक्षिका. त्या हळूच म्हणाल्या, 'महाराज, आजोबांचा मान आहेच. पण मी शाळेत रोज पाहते, पोरं नावावरून फार छळतात.' आजी कोपऱ्यात पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. अशा वेळी कीर्तनकाराने काय करावे? आम्ही पतंजली काढले. तीन पिढ्यांची आठवण देणारे नाव ठेवावे असे भाष्यकार म्हणतात, मग तुम्ही-आम्ही कोण? असे दहा मिनिटे बोललो. आवाज आमचा मोठा, वरून संस्कृत. सूनबाईंनी मान खाली घातली. निघताना चहाचा कप हातात देताना त्यांनी सहज विचारले, 'तुमच्या नातवाचं नाव काय हो, महाराज?'

आमचा नातू तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याचे नाव आरव. वडिलांचे नाव ठेवावयाचे तर ते आमच्याच घरात ठेवता आले असते. तेव्हा वडील जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती, रिवाजाचीही आडकाठी नव्हती. पण मुलाने व सुनेने नाव आधीच ठरवले होते. सूनबाई म्हणाल्या, 'अर्थ शांत असा आहे, मोबाईलवर दिला आहे.' आम्हांस अमरकोश आठवला : आरव म्हणजे शब्द, आवाज, गलका. पण घरात वाईटपणा कशाला, म्हणून गप्प बसलो. आपल्या घरात जे तोंड उघडले नाही ते दुसऱ्याच्या घरात शास्त्रासह उघडले! आम्ही त्या बाईंना नातवाचे नाव सांगितले. त्या म्हणाल्या, 'छान आहे.' आणखी काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

मुलाचे नाव विठ्ठल ठेवले गेले. बारशाला आम्ही होतो. पाळणा म्हटला, घुगऱ्या खाल्ल्या, अकराशे रुपये दक्षिणा घेतली तीही सांगून टाकतो.

गेल्या कार्तिकीत तो मुलगा आईबरोबर आमच्या फडावर आला. मिसरूड फुटायला लागलेले, डोळे बुद्धिमान. आमचे कीर्तन अजामिळाच्या आख्यानावर होते. भागवताच्या सहाव्या स्कंधातली ही कथा वारकऱ्याला सांगावयास नको. कान्यकुब्जाचा ब्राह्मण, कुमार्गाला लागलेला, दहा मुले, धाकट्याचे नाव नारायण. मरणकाळी यमदूत दिसले, भयाने त्याने धाकट्याला हाक मारली, आणि विष्णुदूत धावले. नाव पोराचे होते, हेतूही पोराचाच होता, तरी पोचले ते नारायणाला. पुराण म्हणते की दुसऱ्याच्या निमित्ताने, थट्टेने, गाण्यातल्या भरतीसाठी, इतकेच काय पण अवहेलनेने घेतलेले नामही पाप जाळते. ही कथा आम्ही चाळीस वर्षे लावीत आलो आणि शेवटी नेहमी सांगत आलो की, म्हणून मुलांना देवाची नावे ठेवा. तीही मुले नुसती हाकेने तुम्हांला तारतील.

कीर्तन संपल्यावर पाया पडून तो मुलगा म्हणाला, 'महाराज, एक विचारू? त्या नारायणाचं पुढं काय झालं?'

'कोणत्या नारायणाचे?'

'अजामिळाच्या पोराचं.'

आम्ही उत्तर देण्यास तोंड उघडले आणि तसेच राहिलो. कारण भागवतात ते नाहीच. अजामिळ बरा होतो, पश्चात्ताप पावतो, गंगाद्वारी जातो, योगाने देह ठेवतो, विमान येते. बाप तरला. पोराविषयी पुढे एक अक्षर नाही. ज्याच्या नावाने हे सर्व घडले ते लहान लेकरू बापाविना घरात राहिले, आणि व्यासांपासून आमच्यापर्यंत कोणी मागे वळून पाहिले नाही. चाळीस वर्षांत आमच्या ध्यानात ही गोष्ट आली नव्हती. ज्याचे नाव तसे आहे त्याच्याच ध्यानात यावी हे योग्य झाले.

'ठाऊक नाही,' असे आम्ही म्हणालो.

मग तो बोलू लागला. पोरे 'विठ्या' म्हणतात याचे त्याला फारसे काही नाही, म्हणाला. सगळ्यांनाच काहीतरी म्हणतात. पण भांडण केले की मास्तर म्हणतात, 'नाव काय, वागणं काय!' परीक्षेत कमी पडला की शेजारी म्हणतात, 'विठ्ठला, तूसुद्धा?' शेजारचा पोरगा खोटे बोलला तर तो पोरगा खोटे बोलला. हा बोलला तर नावाला बट्टा. 'मला देव व्हायचं नाही, महाराज,' असे तो म्हणाला. आणि नंतर जरा थांबून, 'आजी मला नावानं हाकच मारत नाही. सगळ्यांना नावानं बोलावते, मला नुसतं "राजा". मला लहानपणी वाटायचं मी तिला आवडत नाही.'

हे ऐकून आम्ही आमच्या मातोश्रींच्या चुलीपुढे पुन्हा जाऊन बसलो. ज्या आजीच्या डोळ्यातले पाणी पाहून आम्ही निवाडा दिला, तिला ते नाव जिभेवर घेताच येणार नव्हते! नवऱ्याचे नाव. एवढी साधी गोष्ट, जिच्या आईने जन्मभर तीच अडचण सोसली त्या शास्त्र्याच्या ध्यानात येऊ नये? पूर्वी घरात ही सोय असे की कागदावर आजाचे नाव आणि हाकेला आबा, तात्या, बाळू असे दुसरे. नावाचा मानही राही आणि बायकांची कुचंबणाही टळे. आम्ही नुसता नियम सांगितला, नियमाभोवतीची ही शहाणीव सांगितली नाही. मुलाला आम्ही आजीचे कारण समजावून सांगितले. त्याला ते नवीन होते. आईकडे वळून त्याने विचारले, 'खरंच?' तिने मान हलविली.

आता पत्रलेखकांच्या प्रश्नाकडे वळतो.

रागाने मुलाला देवाच्या नावाने बोलल्यास नामापराध होतो काय? नाही. नामापराध दहा सांगितले आहेत. साधूंची निंदा, गुरूंची अवज्ञा, नामाच्या बळावर पाप करणे इत्यादी. मुलावर ओरडणे त्यात नाही. अवहेलनेने घेतलेले नामसुद्धा फुकट जात नाही असे पुराण म्हणतेच आहे. व्याकरणाच्या अंगाने पाहिले तरी, माणसाचे नाव हा यदृच्छा-शब्द. वैयाकरण डित्थ, डवित्थ अशी उदाहरणे देतात, ज्यांना अर्थच नाही. कोणी ठेवले म्हणून चिकटले. विठ्ठल नावाचा मुलगा विठ्ठल आहे एवढ्याने तो देव होत नाही, आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला तर पंढरीत वळ उठत नाही. देवाच्या ठिकाणी नाम आणि नामी एक; मुलाच्या ठिकाणी नाव वेगळे व मूल वेगळे. आमच्या आईला हा भेद मान्य नव्हता हे खरे. पण तिने मान्य न करण्याचा भार स्वतः सोसला, दुसऱ्या कोणावर टाकला नाही, आणि त्यामुळे तिच्याशी वाद करण्याचा आम्हांस अधिकार नाही. तुमच्या-आमच्यासाठी तो भेदच बरा. तेव्हा देवाला अपराध घडेल ही धास्ती आपण सोडावी. देव पुष्कळ सोसतो.

अपराध घडतो तो दुसरीकडे घडू शकतो. आपण वडिलांची आठवण राहावी म्हणून नाव ठेवणार, आपल्या जिभेला सतत नाम घडावे म्हणून ठेवणार. यात लाभ सर्व हाक मारणाराचा आहे, अजामिळासारखा. नाव वाहणाराला काय मिळते ते आपण विचारले नाही. आपण मुलाला नाव देता की आपल्या भक्तीचे ओझे त्याच्या डोक्यावर देता, हे ज्या त्या घराने पाहावयाचे आहे. ज्या घरात विठ्ठलाला 'विठा' होण्याची मुभा आहे, चिडण्याची, नापास होण्याची, चिंचा चोरण्याची मुभा आहे, त्या घरात हे नाव अगदी खुशाल ठेवावे. नामदेवरायांच्या घरात ती होती, तुकोबारायांच्याही होती असे आम्हांस वाटते. पण जेथे प्रत्येक चुकीला नाव दाखविले जाणार तेथे विहानच बरा. त्याला निदान कोणी नावावरून जाब विचारणार नाही.

आणि सूनबाईंना नाव पसंत नाही हा 'वेगळा प्रश्न' आपण शेवटी टाकला, तो आधी घ्यावा. त्यांना नाव का नको ते त्यांच्याच तोंडून ऐका. कदाचित त्यांना नाव नको नसेल, ते कसे ठरले ते नको असेल. कदाचित आपल्या मातोश्री हयात असतील तर त्यांना ते उच्चारता येणार आहे का, हेही त्याच विचारतील. आम्हांस २०१२ साली कोणी शिक्षिका हे सांगत होती आणि आम्ही भाष्य काढून बसलो, म्हणून हे लिहीत आहोत.

कार्तिकीतला तो मुलगा निघताना म्हणाला, 'महाराज, नारायणाचं काय झालं ते शोधा की.' आम्ही हो म्हटले आहे. टीका पाहिल्या, पोथी पुन्हा उलटली. अजून काही हाती लागलेले नाही. तेव्हापासून दोनदा अजामिळ लावला, आणि दोन्ही वेळा विमान येण्याच्या जागी थांबून श्रोत्यांना सांगावे लागले की त्या घरात एक लहान मूलही होते.

आपल्या बारशाचे आमंत्रण पोचले आहे. प्रकृती बरी असल्यास येऊ. दक्षिणा नको. नाव काय ठरले ते आम्हांस आधी कळवू नये. आत्या बाळाच्या कानात कुर्र करील तेव्हाच ऐकू.